हिरवे खेकडे : किती धरले ते नको, किती उरले ते सांगा

मागच्या अंकात युरोपीय हिरव्या खेकड्यावर एक छोटी टीप छापली होती. मूळचा युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा हा खेकडा (शास्त्रीय नाव कार्सिनस मीनस) १८१७ च्या सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि १९८९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत पोचला. आता तो उत्तरेकडे सरकत तिसऱ्या, कालवे (दोन्ही खाण्याचे शिंपले) आणि समुद्री गवताची कुरणे फस्त करतो आहे, एवढाच त्या टिपेचा मजकूर. त्यावर ‘धरा आणि रस्सा करा, त्यात काय!’ अशा सुराची बरीच पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न घेत आहोत.

प्रश्न : ओहोटीच्या वेळी व्हिडबी बेटावर फिरताना मुलीला दगडाखाली हिरवट खेकडा दिसला. हा तोच असेल तर तिथेच ठेचावा की घरी आणावा? (बेलव्ह्यू, वॉशिंग्टन)

उत्तर : दोन्ही नको. वॉशिंग्टन राज्यात ही प्रतिबंधित जात आहे, परवानगीशिवाय ती जवळ बाळगता येत नाही. ठेचायचे म्हणाल, तर तिकडे दगडाखाली सापडणारा लहान हिरवट खेकडा बहुतेक वेळा स्थानिक किनारी खेकडाच निघतो. परक्याच्या नावाखाली घरचाच मारला जातो.

रंग विसरा. हिरवा खेकडा हिरवा असतो, पिवळसर असतो, नारिंगी असतो, कात टाकून बरेच दिवस झाले असतील तर विटकरी लालही असतो. दाते मोजा. कवचाच्या पुढच्या कडेला प्रत्येक डोळ्यापासून बाहेरच्या अंगाला पाच टोकदार दाते आणि दोन डोळ्यांच्या मधे तीन बोथट उंचवटे, ही खूण. डोळ्याला लागून असलेला दाता पहिला धरायचा. मोजणी चुकते ती बहुधा इथेच. केसाळ किनारी खेकड्याला अशा बाजूला तीनच दाते असतात. डंजनेस, म्हणजे तिथल्या बाजारातला मोठा खेकडा, त्याला दहा असतात. नांगीची टोके काळी असतील तर तो लाल खडक-खेकडा. त्याला तर हातही लावू नका, कारण हिरव्या खेकड्याला खाणारे जे मोजके स्थानिक प्राणी आहेत त्यांतला तो एक आहे.

दोन फोटो काढा. एक वरून सरळ, पूर्ण कवच दिसेल असा आणि शेजारी नाणे ठेवून. दुसरा समोरून, डोळ्यांच्या मधले उंचवटे दिसतील असा. फोनमधली जागेची नोंद चालू ठेवा, फोटो राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाकडे पाठवा आणि दगड होता तसा परत ठेवा. नुसती कात सापडली तरी ती पुरावा आहे, तिचाही फोटो पाठवा. मुलीला गोडी लागली असेल तर ‘वॉशिंग्टन सी ग्रँट’ या किनारी संशोधन कार्यक्रमाच्या क्रॅब टीमची चौकशी करा. तिचे स्वयंसेवक एप्रिल ते सप्टेंबर दर महिन्याला ठरलेल्या जागी सहा सापळे लावतात आणि वीस मिनिटे घड्याळ लावून कात शोधतात.

प्रश्न : आमच्या ओरेगनमध्ये मात्र रोज माणशी ३५ हिरवे खेकडे धरता येतात असे कळले. डंजनेसचा पिंजरा घरात आहे. दोनदा टाकला, एकही हिरवा मिळाला नाही. काय चुकते? (पोर्टलंड)

उत्तर : पिंजरा चुकतो, आणि बहुधा जागाही. ३५ ची मर्यादा खरी आहे, त्यात नर-मादी आणि आकाराची अट नाही. पण बारा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला शेलफिशचा परवाना लागतोच.

डंजनेसच्या पिंजऱ्याला लहान खेकडे निसटावेत म्हणून साधारण सव्वाचार इंची गोल पळवाट ठेवलेली असते. हिरवा खेकडा पूर्ण वाढला तरी क्वचितच चार इंच रुंद होतो. म्हणजे तुम्ही त्याला जेवू घालून दार उघडे ठेवले आहे. त्याच्यासाठी घडीचा जपानी सापळा वापरतात, फुकुई म्हणतात त्याला. साधारण ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, २० उंच, अर्ध्या इंचाची जाळी आणि दोन्ही टोकांना आत झुकलेली फट. खेकडा ढकलून आत येतो, पण बाहेर जायची वाट त्याला सापडत नाही. लहान खेकड्यांसाठी गोल नळकांड्यासारखा मिनो-सापळा, त्याचे तोंड कापून दोन इंचांपर्यंत मोठे केलेले.

जागा : खोल, जोराच्या प्रवाहाचे पाणी नको. खाडीच्या आतल्या अंगाचे उथळ, चिखलाचे, ऊन लागून कोमट होणारे पाणी बघा. खारवटातल्या नाळा, गवताच्या कडा, धक्क्याच्या सावलीतला गाळ. होडी लागत नाही, गुडघ्याएवढे बूट पुरतात.

आमिष म्हणून बांगड्याच्या जातीची मासळी किंवा हेरिंग, तेलकट आणि वासाची. ती मोकळी टाकू नका. झाकणाच्या डबीला भोके पाडून तिच्यात भरा आणि डबी सापळ्याच्या मधोमध तारेने बांधा. मोकळे आमिष पहिले चार खेकडे तासाभरात संपवतात आणि पुढच्यांना यायला कारण उरत नाही. बारा-चौदा तासांच्या वर तेच आमिष चालवू नका.

सापळा संध्याकाळी लावून सकाळी काढा. चोवीस तासांच्या वर ठेवला की आत आपसात खाणे सुरू होते, मोजणी खोटी ठरते आणि चुकून शिरलेले मासे मरतात. सगळ्यात जास्त नुकसान मात्र ओहोटीत होते. भरतीला लावलेला सापळा ओहोटीला उघडा पडला की उन्हात हिरवा खेकडा मजेत जगतो आणि बाकीचे सगळे मरते. म्हणून नीचतम ओहोटीची वेळ आधी बघायची आणि सापळा अशा खळग्यात ठेवायचा की त्यात वीतभर तरी पाणी राहील. पाणमांजरांचा वावर असेल तिथे फटीला प्लॅस्टिकचे पट्टे आडवे बांधून ती अरुंद करतात. मांजर आत अडकले तर बुडून मरते.

सापळ्याच्या तरंगत्या बोयावर नाव आणि संपर्क लिहा, दोर पाण्यात बुडेल असा घ्या. अमावास्या-पौर्णिमेचे विचाराल तर आपल्याकडे ‘अमावास्येची चिंबोरी भरलेली’ म्हणतात तसला हिशेब इथे धरू नका. उधाणाच्या दिवसांत ओढ जास्त असते, हलके सापळे वाहून जातात, एवढेच लक्षात ठेवा.

प्रश्न : धरलेल्यांचे करायचे काय? बादलीत दोन दिवस जिवंतच होते! (पोर्टलंडच्याच दुसऱ्या वाचक)

उत्तर : ओलसर सावलीत ते याहूनही जास्त दिवस टिकतात. म्हणूनच जिवंत खेकडे गाडीतून दुसऱ्या खाडीवर नेऊ नका, आमिष म्हणूनही नाही. पिशवीत भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग बागेच्या खड्ड्यात फूटभर मातीखाली पुरा. सापळे, दोर आणि बूट पुढच्या जागी नेण्याआधी धुऊन पूर्ण वाळवा.

प्रश्न : एवढे सापळे, एवढा पैसा, मग एका खाडीतले सगळेच खेकडे एकदाचे काढून का टाकत नाहीत? (सागरी जीवशास्त्राचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : एका जागी ते करून पाहिले आहे आणि त्याचा निकाल या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला स्टिन्सन बीचजवळ सीड्रिफ्ट नावाची एक लहान, जवळजवळ बंदिस्त खाजण आहे. २००९ मध्ये तिथे सुमारे सव्वा लाख हिरवे खेकडे होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे (डेव्हिस) एडविन ग्रोशोल्झ आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना घेऊन वर्षानुवर्षे सापळे लावले. २०१३ पर्यंत संख्या दहा हजारांच्या खाली आली. आणि २०१४ मध्ये ती तीन लाखांच्या घरात गेली, सुरुवातीच्या दुपटीहून जास्त.

कारण खेकड्याच्या जेवणात आहे. मोठे हिरवे खेकडे लहान हिरव्या खेकड्यांना खातात. सापळ्यात आधी मोठेच येतात, कारण आमिषावर हक्क त्यांचा आणि अर्ध्या इंचाच्या जाळीतून पिल्ले गळून जातात. मोठे काढले की पिल्लांवरचा पहारा उठतो. एक मादी एका वेळी १,८५,००० पर्यंत अंडी घालते, तेव्हा पहारा उठल्यावर काय होते ते वेगळे सांगायला नको. त्यातच अळ्या दोनेक महिने पाण्याबरोबर वाहतात. उघड्या किनाऱ्यावर तुम्ही आपली खाडी धुऊन काढली तरी पुढच्या वसंतात शेजारच्या खाडीची पिल्ले येऊन बसतात.

मग शहाणपण कशात? नायनाट हे ध्येय सोडायचे आणि ‘इतके चालतील’ असा आकडा ठरवायचा. कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या किजिमकुजिक किनारी उद्यानात हिरव्या खेकड्यांनी खणून खणून समुद्री गवत जवळपास संपवले होते. तिथे २०१० पासून दरवर्षी सापळे लावले जातात आणि लक्ष्य ठेवले ते एका सापळ्यामागे पंधराच्या आत खेकडे एवढेच. खेकडे संपले नाहीत. गवत मात्र परत आले.

वृत्तपत्रांत नेहमी एकूण आकडा येतो : ‘इतके लाख खेकडे पकडले’. त्यावरून काहीच कळत नाही. २० सापळ्यांत एका रात्री ३०० म्हणजे सापळ्यामागे १५. २०० सापळ्यांत १,००० म्हणजे सापळ्यामागे ५. दुसरी बातमी मोठी दिसते, पण खाडीची तब्येत तिथे बरी आहे. म्हणून वहीत चार रकाने हवेतच : सापळे किती, किती तास, प्रत्येकात किती, आणि कवचाची रुंदी मिलिमीटरमध्ये, पाचव्या दात्याच्या टोकापासून टोकापर्यंत. रुंदी का? सापळ्यामागची संख्या घटते आहे, पण मिनो-सापळ्यात तीन सेंटिमीटरच्या आतली पिल्ले अचानक वाढली, तर सीड्रिफ्टची पुनरावृत्ती दाराशी आली असे समजा. अशा वेळी मोठ्यांवरचा जोर वाढवायचा नाही. मिनो-सापळे वाढवायचे आणि पुढचे दोन हंगाम पैसा हातात ठेवायचा. फुकुई सापळा साडेतीन सेंटिमीटरच्या खालचे जवळजवळ दाखवतच नाही. नुसत्या त्याच्या भरवशावर ‘संख्या आटोक्यात’ असा अहवाल देणारे पुढच्या वर्षी अडचणीत येतात.

तडकाफडकी जोर लावायची वेळही येते. वॉशिंग्टनमध्ये लमी आदिवासी राष्ट्राच्या साडेसातशे एकरांच्या बांधबंदिस्त समुद्रतळ्यातून २०२१ मध्ये सत्तर हजारांवर हिरवे खेकडे निघाले. बांधामुळे आतले पाणी कोमट, आत आलेली अळी बाहेर जात नाही, आणि पिल्लांना खायला तिसऱ्या-कालवे तयार. जानेवारी २०२२ मध्ये राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली. तिथे थांबणे म्हणजे शेजारच्या सगळ्या किनाऱ्याला बियाणे पुरवणे झाले असते. तेव्हा ‘किती काढायचे’ याचे उत्तर त्या पाण्याला दार आहे का, यावर बरेचसे अवलंबून असते.

प्रश्न : न्यू इंग्लंडमध्ये हिरव्या खेकड्याचे सूप, सॉस, काय काय विकतात. हाच धंदा वाढवला तर खेकडे आपोआप कमी होणार नाहीत का? शिवाय घरी रस्सा जमेल का? (बॉस्टन)

उत्तर : धंद्याविषयी आमचे मत थोडे कडवट आहे. पूर्व किनाऱ्यावर हा खेकडा दोनशे वर्षे मुरलेला आहे. तिथे तो विकून दोन पैसे मिळत असतील तर मिळोत. न्यू हॅम्पशायरमधल्या एका दारूभट्टीने २०२२ मध्ये त्याच्या अर्काची व्हिस्कीसुद्धा काढली, जिभेला धाडस असेल त्यांनी घ्यावी. पण जिथे तो नुकता आला आहे तिथे बाजार उभा करू नये. ज्याचे पोट खेकड्यावर चालते त्याला दरवर्षी भरपूर, मोठे आणि गाबोळीचे खेकडे हवे असतात. ज्याची खाडी आहे त्याला दरवर्षी कमी हवे असतात. एकाच वहीत हे दोन हिशेब बसत नाहीत. शिवाय विकायला जिवंत खेकडे ट्रकमधून फिरू लागले की चार नव्या खाड्यांत सुटलेच म्हणून समजा. किलोमागे पैसे दिले तर लोक जिथे खेकडे दाट तिथेच सापळे लावतात. विरळ झालेली, म्हणजे खरी राखायला हवी ती जागा ओस पडते. पैसे द्यायचेच तर सापळा आणि रात्र यांच्या हिशेबाने द्यावेत, मग त्यात पन्नास येवोत की एक.

इटलीकडेही पाहा. २०२३ मध्ये पो नदीच्या मुखाशी अटलांटिकपारच्या निळ्या खेकड्याने तिसऱ्यांच्या शेतीचा फडशा पाडला, तेव्हा सरकारने त्याला पकडून नष्ट करण्यासाठी २९ लाख युरो काढले. मजा म्हणजे ज्या तिसऱ्या वाचवायच्या होत्या त्याही परक्याच. फिलिपिनी तिसरी व्हेनिसच्या खाजणात १९८३ मध्ये मुद्दाम सोडलेली. पाहुण्याच्या शेतात दुसरा पाहुणा.

त्याच व्हेनिसच्या खाजणात हिरव्या खेकड्याच्या सख्ख्या भावाला, भूमध्य समुद्रातल्या जातीला, शेकडो वर्षांची गिऱ्हाइकी आहे. वसंतात आणि शरदात कात टाकल्याटाकल्या मऊ असलेला खेकडा ‘मोएका’ म्हणून अख्खा तळतात. तिथले कोळी धरलेले खेकडे हाताने निवडतात. एक-दोन दिवसांत कात टाकणारे वेगळे, काही दिवसांनी टाकणारे वेगळे, आणि या हंगामात न टाकणारे ‘माथेफिरू’ म्हणून परत पाण्यात. निवडलेले लाकडी पेट्यांत पाण्यातच ठेवून रोज तपासतात, कारण कवच काही तासांतच पुन्हा कडक होऊ लागते आणि तोवर शेजाऱ्यांनी त्याला खाल्लेलेही असते. मेन आणि न्यू हॅम्पशायरमध्ये हेच शिकण्याचा प्रयत्न चालू आहे. कौशल्य मोठे आहे, पण परत पाण्यात सोडणे हा त्याचा भाग आहे हे विसरू नका.

घरचा रस्सा जमतो. मांस काढत बसू नका. दोन-अडीच इंचांच्या खेकड्यात मांस नखाएवढे. आपल्याकडे चिंबोरीचे बारीक पाय वाटून, गाळून तो रस कालवणात घालतात, तीच रीत इथे सगळ्या खेकड्याला लावा. एक किलो खेकडे फ्रीझरमध्ये बधिर करून घ्या. वरचे कवच उचलून कल्ले आणि आतला पिवळा-हिरवा गर पूर्ण काढून टाका, मग धुऊन ठेचा. दीड लिटर पाण्यात आले-लसूण, हळद घालून मंद आचेवर पाऊण तास. उसळू देऊ नका, रस कडवट होतो. दाट फडक्यातून गाळा, कवचाचे कण घशात टोचतात. पुढे वाटण तुमच्या घरचे.

तो गर काढण्यात हयगय नको. किनाऱ्यावर विषारी शैवालाची लाट आली की शिंपल्यांत विष साठते आणि शिंपले खाणाऱ्या खेकड्याच्या आतल्या गरात उतरते. हे विष उकळून जात नाही, उलट पाण्यात उतरते, आणि तुमचा रस्सा म्हणजे तेच पाणी. म्हणून शिंपल्यांवर बंदीची पाटी असेल त्या किनाऱ्याचे खेकडे रश्श्याला घेऊच नका, साफ केलेलेही नाही. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर मुळीच नको.

प्रश्न : हा खेकडा कोकणात आला तर? आमच्याकडे शिनाणे (हिरवे शिंपले) आणि कालवांचे काम आहे. (रत्नागिरी)

उत्तर : हा खेकडा येऊन तग धरेल अशी धास्ती नको. मोठा झालेला तो तिशीच्या आसपासचे तापमान सोसतो, पण त्याच्या पिढ्या वाढायला थंड पाणी लागते. आपला समुद्र एवढा गार होत नाही. तसे पाहिले तर परकेपणाचा हा धंदा दोन्हीकडून चालतो. आपले हिरवे शिनाणे १९९९ मध्ये फ्लोरिडात टँपाच्या खाडीत सापडले आणि तिथे तेच उपद्रवी ठरले.

तुम्ही लक्ष ठेवायचे ते दक्षिणेकडे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला मायटेला स्ट्रायगाटा हा शिंपला केरळच्या कायलांत, म्हणजे समुद्राला जोडलेल्या खाऱ्या सरोवरांत, पसरला आहे. त्यांतल्या अष्टमुडीत त्याने शिनाणे-कालवांच्या दोरांवर आणि पिंजऱ्यांवर जाड गालिचे घातले आहेत. कवच पातळ, तपकिरी-काळे, कधी नारिंगीही. बहुधा दोन ते पाच सेंटिमीटर. शिनाण्याच्या कवचाच्या कडेला असते ती हिरवी झाक त्याला नसते. गोड्याकडे झुकलेल्या पाण्यापासून पूर्ण खाऱ्यापर्यंत सगळे त्याला चालते, म्हणून दोर गोड्या पाण्यात बुचकळून काढणे हा उपाय इथे भरवशाचा नाही.

केरळमधून बियाणे, जुने दोर, पिंजरे किंवा तराफे आणू नका, स्वस्तात मिळाले तरी. आणलेच असतील तर आधी खरवडा, मग उन्हात पसरून निदान आठवडाभर वाळवा. न खरवडता वाळवले तर गालिच्याच्या आतल्या थरात ओल राहते आणि आतले शिंपले जिवंत राहतात. खरवडलेला माल खाडीत लोटू नका, भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करून पुरा. बाहेरून आलेल्या होडीचा तळही पाण्यात नको, किनाऱ्यावर ओढूनच खरवडायचा.

आणि संशय आला तर लगेच कळवा, कारण शिंपल्याच्या बाबतीत पहिले काही आठवडेच हातात असतात. विशाखापट्टणमला १९६७ मध्ये आणि पुढे मुंबईच्या गोद्यांत स्थिरावलेला काळ्या पट्ट्यांचा शिंपला (मायटिलॉप्सिस सॅली) अजून तिथेच आहे. तोच १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनच्या बंदरात दिसला, तेव्हा झडपा असलेल्या तीन नौकागोद्या बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतले गेले. आतले बाकीचे जीवही गेले, पण शिंपला संपला. झडपा नसलेल्या आपल्या खाडीत तो मार्ग नाही. तुमच्याकडे दोरावर पहिला घोस दिसला की तो दोर जागच्या जागी खरवडू नका. चिकटण्याचे धागे तुटून सुटे झालेले शिंपले तळाला जाऊन पुन्हा चिकटतात. अख्खा दोर खालून जाळीच्या पिशवीत घेऊनच वर ओढा आणि त्यातले चार शिंपले ओल्या फडक्यात नव्हे, मिठात किंवा फ्रीझरमध्ये ठेवून मत्स्य महाविद्यालयात दाखवायला न्या.